रसायन सांडल्यावर जवानाची कातडी: महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा, मुंबई

आगीपासून माणूस बाजूला झाला की भाजणे थांबते. रसायनाचे तसे नसते. ते कातडीवर असेपर्यंत, आणि पुष्कळदा आत मुरल्यावरही, आपले काम करत राहते. तारापूर, लोटे-परशुराम, महाड, पाताळगंगा आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत किंवा बोरघाटात उलटलेल्या टँकरपाशी धावून जाणाऱ्या जवानांचे प्रशिक्षण या फरकापासूनच सुरू व्हायला हवे.

लागताक्षणी झोंबणाऱ्या रसायनापासून जवान आपोआप मागे सरतो. खरा घात करतात ती न झोंबणारी रसायने. सल्फ्युरिक ॲसिडने कातडीतली प्रथिने गोठून कडक खपली धरते आणि ॲसिडची पुढची वाट काहीशी अडते. कॉस्टिक सोडा मात्र चरबीचा साबण करत, पेशी विरघळवत खोल उतरतो. सुरुवातीला हाताला फक्त बुळबुळीत लागते, त्यामुळे काम चालूच राहते. फिनॉल लागलेली जागा बधिर करते आणि कातडीतून रक्तात शिरते. सर्वांत दगाबाज हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. ते सौम्य असेल तर वेदना कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. तोवर त्यातले फ्लुओराइड शरीरातले कॅल्शियम बांधून टाकत असते. ॲसिड तीव्र असेल तर दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवरचा संपर्कही हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकतो. २७ सप्टेंबर २०१२ रोजी दक्षिण कोरियातील गुमी येथे याच रसायनाची गळती होऊन ५ जणांचा मृत्यू झाला. मदतीला गेलेल्यांनाही उपचार घ्यावे लागले होते.

म्हणून पहिला धडा ओळखीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर माहितीफलक असतो आणि त्यावर चार आकडी यूएन क्रमांक असतो: १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, १८२४ कॉस्टिक सोड्याचे द्रावण, १७९० हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, १००५ अमोनिया. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून, दुर्बिणीतून, चिखलाने माखलेला फलक वाचण्याचा सराव मैदानावर व्हायला हवा. वर्गात तक्ता दाखवून तो होत नाही.

दुसरा धडा पोशाखाचा. आगीसाठीचा जाड कोट उष्णता अडवतो, पण द्रव शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो. चामड्याचे बूट तर नीट धुताही येत नाहीत. रबरी दिसणारा प्रत्येक हातमोजा सारखा नसतो. नायट्राइलचा मोजा ॲसिटोनपुढे टिकत नाही आणि ब्युटाइलचा टोल्युईनपुढे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. मोज्याला कुठेही भोक नव्हते. रसायन काही सेकंदांतच आरपार गेले आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मोजा फाटला नाही म्हणजे हात वाचला, ही समजूत प्रशिक्षणातून मुळापासून काढायला हवी. त्यात कोकणातली दमट हवा. बंद पोशाखात घामाने भिजलेली कातडी रसायन अधिक सहज शोषते, आणि उष्म्याने थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. पाळी किती मिनिटांची, हे प्रत्येक केंद्राने आपल्या भागातल्या मे महिन्याच्या उन्हात सराव करून ठरवावे.

पोशाख चढवण्याचा सराव सगळेच करतात. जखमा मात्र पुष्कळदा तो उतरवताना होतात. दमलेला जवान आधी मुखवटा काढतो, मग त्याच मोज्यांनी मानेचा घाम पुसतो. योग्य क्रम असा: पोशाख अंगावर असतानाच डोक्यापासून खाली धुवायचा, बाहेरचे मोजे आणि बूट काढायचे, मग जोडीदाराने पोशाख आतली बाजू बाहेर करत गुंडाळत न्यायचा. श्वसनयंत्राचा मुखवटा त्यानंतर आणि आतले मोजे सर्वांत शेवटी. हा क्रम अंगवळणी पडला की नाही, हे अतिनील दिव्याखाली चमकणारी पूड पोशाखावर लावून तपासता येते. उतरवून झाल्यावर दिव्याखाली मनगटावर आणि कानामागे चमक दिसली की जवानाला वेगळे व्याख्यान लागत नाही.

तरीही रसायन अंगाला लागलेच तर भिजलेले कपडे तत्काळ काढून भरपूर पाणी ओतणे हाच बहुतेक वेळा उपाय. किमान १५ मिनिटे, आणि कॉस्टिकसाठी त्याहून बराच जास्त वेळ. धार मोठी पण मंद हवी. अग्निशमनाच्या दाबाची धार रसायन आत ढकलते. ॲसिडवर सोडा ओतू नये, त्या क्रियेतल्या उष्णतेने जखम वाढते. अपवाद जवानांना पाठ हवेत. कोरडा कळीचा चुना आधी झटकायचा. सोडियम धातूचे कण पाणी न लावता चिमट्याने काढायचे. फिनॉलवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आणि ते नसेल तर पाण्याचा मुबलक वर्षाव. ओल्या फडक्याने पुसले तर ते पसरते. उणे ३३ अंशांना उकळणाऱ्या द्रव अमोनियाने गोठून चिकटलेला कपडा ओढायचा नाही, पाण्याने सैल करायचा. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडसाठी धुतल्यानंतर २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचे आणि जवानाला बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यायचे.

हे जेल रासायनिक पट्ट्यातल्या प्रत्येक गाडीवर असावे आणि त्याची मुदत दरमहा तपासली जावी. सांताक्रूझच्या प्रशिक्षण केंद्रातल्या अभ्यासक्रमात पोशाख उतरवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र गुणांची असावी. महापालिका, एमआयडीसी आणि कारखान्यांच्या पथकांनी ती दरवर्षी पुन्हा द्यावी. महामार्ग पोलीस आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी पुष्कळदा अग्निशमन दलाच्या आधी पोहोचतात, त्यांनाही निदान ओळख, अंतर आणि पाणी एवढे शिकवले जावे. घटनेनंतर कोणाच्या अंगाला काय, कुठे, किती वेळ लागले याची नोंद जवानाच्या आरोग्यपत्रिकेत व्हावी, आणि वापरलेले कपडे घरच्या धुण्यात न जाता केंद्रातच हाताळले जावेत.

कळावे.