मर्जींतले आणि मर्जीबाहेरचे

कचेरी, पेढी किंवा गिरणी यांत धनी आणि चाकर यांचें बिनसलें कीं पगार थोडा पडला असेंच निदान लोक करितात. पगाराचा प्रश्न खोटा नाहीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं रोगाचें मूळ निराळेंच असतें. धनी सर्वांना भेटत नाहीं, एकालाच भेटतो, आणि त्याच्याच कानांनीं ऐकतो. मग काम चोख करण्यापेक्षां त्या एकाची मर्जी राखणें हेंच चाकराचें मुख्य काम होऊन बसतें.

मुंबईच्या कापडगिरण्यांत माणूस कामावर घेणें, काढणें, खाडा पडल्यास बदली देणें, हें सारें दीर्घकाळ जॉबराच्या हातीं होतें. नोकरी लावून देण्याबद्दल तो दस्तुरी घेई. ती टिकविण्याबद्दल पुन्हां घेई. बायकांच्या खात्यांत हाच कारभार नायकीण करी. व्हिटले कमिशनानें १९३१ च्या अहवालांत या पद्धतीला दोष दिला आणि भरतीचें काम लेबर ऑफिसराकडे सोंपवावें असें सुचविलें. पण दोष एकट्या जॉबराचा होता काय? माणसें मिळविण्याची व त्यांना धाकांत ठेवण्याची यातायात तो परस्पर उरकीत होता, म्हणून मालकांनीं डोळेझांक केली. कामगाराच्या मनांत मात्र दस्तुरी घेणारा आणि गिरणीचा मालक हे एकच झाले, आणि त्यांत त्याचें फारसें चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं.

उलट, १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं हजारों कामगारांच्या वतीनें फॅक्टरी कमिशनापुढें उघड अर्ज ठेविला. त्यांत मागितलेली आठवड्याची सुटी १८९० सालीं मिळाली. कानांत सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देण्याची कोणासच गरज नसते. चारचौघांत मांडलेल्या अर्जाला तें द्यावें लागतें.

आज जॉबर गेला. त्याची खुर्ची तेवढी राहिली. वर्षअखेरीचा शेरा कोणी लिहिला, कोणत्या आधारावर लिहिला, हें ज्याच्यावर लिहिला त्यालाच ठाऊक नसतें. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरविलें कीं सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालांतील प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, त्यास कळविलाच पाहिजे. त्या खटल्यांतील नोकराची बढती अडली होती ती 'चांगला' या शेऱ्यानें! हवा होता 'फार चांगला', आणि तो मिळाला नाहीं हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

विश्वासाचीं माणसें नकोत काय, असें व्यापारी मंडळी विचारतील. अवश्य हवींत. परंतु विश्वास म्हणजे बिनचौकशीचा निकाल नव्हे. चाकरही निर्दोष नाहींत. शेजाऱ्याची चहाडी करून बढती साधणारे त्यांच्यांतलेच असतात. म्हणून आमची सूचना व्यापाऱ्यांनाच आहे. कोणाविरुद्ध तक्रार आली तर ती त्याला दाखवावी व त्याचें म्हणणें लिहून घ्यावें. पगारवाढीचे नियम आगाऊ लावावेत. आणि आठवड्यांतून एक तास दिवाणजीला बाहेर बसवून कोणाही गुमास्त्याला आंत येऊं द्यावें. येत्या दिवाळीच्या बक्षिसीपासून हें सुरू करण्यास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.