हादऱ्यांचा हिशेब

दसऱ्याला आमच्या आळीत वाहनांची पूजा होते. सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ मिळते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. गेल्या दसऱ्याला पुतण्याच्या पिकअपलाही हा मान मिळाला. बारा पावसाळे पाहिलेली गाडी. रंग मूळचा पांढरा, पण दारांच्या कडा आणि हौद्याचा तळ आता तांबूस झालेला. पूजा चालली असताना त्याचा धाकटा मुलगा मागच्या बंपरवर चढला आणि धपकन उडी मारून उतरला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. नारळ फुटेपर्यंत ती डोलतच राहिली. पोराला भारी गंमत वाटली.

"मागचे शॉकप गेलेत रे," मी पुतण्याला म्हटलं.

"माहित्ये काका. आंब्याचा एवढा सीझन निघू दे, मग बघू."

हे "मग बघू" मी बँकेच्या नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ मला पाठ आहे. गाडी बंद पडेपर्यंत काही बघायचे नाही, हा तो अर्थ.

वाचकांपैकी अनेकांनी शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकप, कधी पाहिलेला नसेल. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली, तिरका बसवलेला हातभर लांबीचा नळकांडे. लोकांचा समज असा की गाडीचे ओझे तो पेलतो. ओझे पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या त्या पोलादी कमानी. खड्डा आला की पाटे दबतात आणि दबलेले पाटे उसळतात. ही उसळी थोपवणे एवढेच शॉकपचे काम. त्याच्या आत तेल असते आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. गाडी उसळली की दट्ट्या तेलात सरकतो, तेल त्या छिद्रांतून मुश्किलीने वाट काढते आणि उसळीचा जोर उष्णतेत विरून जातो. तेल गळून गेले की नळकांडे जागच्या जागी असते, पण काम संपलेले असते.

गंमत अशी की तरीही गाडी चालते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र उसळणारे चाक रस्त्यावर पुरते टेकत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर मागची बाजू भरकटते, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखे झिजतात. शिवाय मालाचे काय? रत्नागिरीहून वाशीच्या बाजारापर्यंत सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर. २०११ साली सुरू झालेले महामार्गाचे चौपदरीकरण किती वर्षे रेंगाळले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या वाटेवर हापूसच्या पेटीने खाल्लेला मार निघताना दिसत नाही. तो तीन-चार दिवसांनी, आंबा पिकताना, सालीवरच्या काळ्या डागाच्या रूपाने दिसतो. तेव्हा भाव पडतो आणि आपण दलालाला शिव्या देतो.

आमच्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे गंज. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, बारा महिने समुद्राचा खारा वारा. त्यात पुतण्याची गाडी आंब्याचा हंगाम सोडला तर मिरकरवाड्याहून मासळी वाहते. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसीवर ठिबकते. मीठ मिसळलेल्या पाण्यात लोखंड कितीतरी झपाट्याने गंजते. वरून आपण दरवर्षी रंगाचा हात मारतो. खाली कोण वाकून बघतो?

अखेर दिवाळीनंतर मी हट्टाने त्याला गॅरेजात नेले. पैसे मी देतो म्हटल्यावर त्याच्याकडे सबब उरली नाही. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. खालच्या बोल्टला पाना लावून त्याने जोर केला आणि पाना खाली ठेवला. "नाय सुटायचा आज. तेल सोडून ठेवतो, उद्या बघू." त्याच्या "उद्या बघू"चा अर्थ मात्र खरोखरच उद्या असा होता. दुसऱ्या दिवशीही बोल्ट हलेना, तेव्हा मी शहाणपणा करून गॅसच्या ज्योतीने तापवायला सुचवले. तो म्हणाला, "काका, आत तेल हाय. काही नळकांड्यांत गॅसपण भरलेला असतो. तापवला आणि फुटला तर तोंडावर येईल." त्याने ग्राइंडरने बोल्ट कापून काढला. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता चॅसीखाली घोडे लावले होते आणि एक्सललाही वेगळा टेकू दिला होता, हे मी मनात टिपून ठेवले.

जुना शॉकप निघाल्यावर मिस्त्रीने चॅसीला जोडलेला वरचा लोखंडी कान हातोडीने हलकेच ठोकला. गंजाचा पापुद्रा खाली पडला, मग दुसरा, मग तिसरा. उरले ते बिस्किटासारखे लोखंड. "कुजलेल्या कानाला नवा शॉकप अडकवून काय उपयोग? पयल्या खड्ड्यात उपटून येईल." मग गंज घासून चांगले लोखंड लागेपर्यंत जाणे, नवी पट्टी वेल्ड करणे, त्यावर गंजरोधक रंग, असा आणखी एक दिवस गेला.

पुतण्याने शेवटचा प्रयत्न केला. डाव्या बाजूचा जरा बरा आहे, उजवाच बदलला तर? मिस्त्री म्हणाला, "एक बैल नवा नि दुसरा लंगडा, मग नांगर सरळ चालेल काय?" दोन्ही बदलले. शेवटचे बोल्ट त्याने चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच आवळले, नाहीतर रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. शॉकपची जोडी, बोल्ट, वेल्डिंग आणि मजुरी मिळून सहा हजारांच्या आत काम झाले. मागचे दोन टायर अकाली झिजले होते, त्यांचा खर्च याच्या दुपटीहून जास्त आला.

परत येताना मला एक जुना माणूस आठवत होता. १९९० नंतरचा काळ, मी शाखेत कर्जे बघत होतो. लांज्याकडच्या एका तरुणाला मालवाहू टेम्पोसाठी मीच कर्ज मंजूर केले होते. तीन वर्षांनी तो आला. पाटे तुटले होते, शॉकप गेले होते, दुरुस्तीला चार हजार हवे होते. मी सरळ सांगितले, "दुरुस्तीसाठी कर्ज बसत नाही." नियम तसाच होता. तो मान हलवून गेला. ऐन हंगामात टेम्पो दारात उभा राहिला, हप्ते थकले, आणि नोटीस मात्र मी वेळेवर पाठवली. पुढे टेम्पो जप्त झाला. लिलावात त्याची जी किंमत आली, ती पाहून मला पहिल्यांदा कळले की त्या चार हजारांना नकार देऊन मी बँकेचेही किती नुकसान केले होते.

आमच्या अर्जात गाडीची किंमत, डिझेल, विमा, अपेक्षित उत्पन्न, सगळ्याला रकाने होते. दुरुस्तीच्या रकान्यात आम्ही काहीतरी गोल आकडा टाकत असू, तोही उत्पन्न पुरेसे दिसावे इतका लहान. कर्ज वस्तूला मिळते, तिच्या सांभाळाला मिळत नाही. आणि हा दोष एकट्या बँकेचा नाही. नव्या गाडीचे पेढे आपण वाटतो. नवा शॉकप बसवला म्हणून पेढे वाटलेले कोणी पाहिलेत? पूल बांधला की उद्घाटन होते, त्याची मोरी साफ केली की होत नाही.

हे बदलता येते, याचा दाखला बँकिंगमध्येच आहे. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. त्याच्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी वीस टक्के रक्कम जोडून धरली जाते. पंप आणि अवजारे जुनी होणार, हे तिथे गृहीत धरले आहे. मग दीड टन माल वाहणाऱ्या पिकअपने काय पाप केले? वाहनकर्ज देतानाच छोटीशी देखभाल मर्यादा मंजूर करावी आणि ती गॅरेजच्या बिलावरच उचलता यावी. पतसंस्थांना तर हे अधिक सोपे आहे, कारण त्यांना माणूसही माहीत असतो आणि मिस्त्रीही. कोणी म्हणेल, याचा गैरवापर होईल. थोडा होईलही. पण उभ्या राहिलेल्या गाडीइतका महाग गैरवापर दुसरा नाही.

मालकांनाही सांगायचे आहे. हातावर पोट असलेल्याला सहा हजार मोठे असतात, हे मी जाणतो. त्याला उपदेश करण्यापूर्वी मी माझ्या नोटिशी आठवतो. पण आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. त्या दिवसापुरती गाडी नटवण्याऐवजी पावसाळा संपला की तिच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा मारावा आणि नळकांड्यावर तेलाचा ओघळ दिसतो का, हे वाकून बघावे. जास्त माल मावावा म्हणून पाट्यात एक पाटा वाढवणे हा तर यावरचा उपाय नव्हेच. त्याने ओझे पेलेल, पण झिजलेल्या शॉकपची उसळी थांबणार नाही, आणि ती सोसेल तो स्टिअरिंगवर बसलेला माणूस. शॉकपने न घेतलेला धक्का शेवटी कोणाच्या तरी मणक्यात जातो.

गाडी घरी आली तेव्हा नातू वाटच पाहत होता. धावत जाऊन बंपरवर चढला आणि उडी मारली. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. त्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळून हिरमुसल्या चेहऱ्याने म्हणाला,

"आजोबा, तुम्ही तिला बिघडवून आणलंत."