मिस्रींवरचा राग कोठून आला?

१० मे २०२५ च्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी भारत आणि पाकिस्तान लष्करी कारवाई थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्यांना गद्दार ठरवले गेले. त्यांच्या मुलीलाही सोडले नाही. अखेर त्यांना आपले एक्स खाते अनोळखी लोकांसाठी बंद करावे लागले. निर्णय सरकारचा, तो सांगणारा सनदी अधिकारी; तरी झोडपला गेला तो अधिकारीच.

या संतापाची पेरणी दोन दिवस आधीच झाली होती. ८ मेच्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद काबीज झाले, पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटक झाली, असे ठासून सांगितले. यातले काहीही घडले नव्हते. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांना शेजारी घेऊन मिस्री पहिल्या दिवसापासून कारवाई दहशतवादी तळांपुरती आणि मोजकी असल्याचे सांगत होते. सरकारचे धोरण एक होते आणि सरकारची भलामण करणाऱ्या वाहिन्यांचे युद्ध दुसरेच. कराची पडली असे मानून झोपलेल्या माणसाला शस्त्रसंधी हा घात वाटणारच.

ज्या दहशतवादी हल्ल्यानंतर ही कारवाई झाली, त्या पहलगामच्या हल्ल्यातील २६ मृतांमध्ये डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे सहा जण होते. त्या घरांच्या दुःखावर असत्याचा बाजार मांडला गेला, हे आम्हाला अक्षम्य वाटते.

अशी भेसळ मतदाराच्या मनात किती खोल उतरते, हे अमेरिकेत मोजले गेले आहे. इराक युद्धानंतर, ऑक्टोबर २००३ मध्ये, मेरिलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तीन खोट्या समजुती तपासल्या: इराकमध्ये महासंहारक अस्त्रे सापडली, सद्दाम आणि अल कायदा यांच्या संगनमताचा पुरावा मिळाला, जगाचे जनमत युद्धाच्या बाजूने आहे. फॉक्स न्यूजच्या ८० टक्के प्रेक्षकांची यांतली किमान एक समजूत होती. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीवर विसंबणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के. तिन्ही समजुती बाळगणाऱ्यांपैकी ८६ टक्के लोक युद्धाचे समर्थक होते, एकही नसणाऱ्यांपैकी २३ टक्के. म्हणजे ज्या जनमताचा हवाला सरकारे देतात, त्याचा मोठा भाग चुकीच्या बातमीवर उभा असू शकतो.

पक्षपाताची दुसरी बाजूही आहे. मोदी सरकारवरील रागापोटी पाकिस्तानचे दावे पडताळणीविना पसरवणारेही आपल्याकडे होते. त्यांना आवर घालण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर दिलेली अधिकृत माहिती. ती मिळाली नाही. सुरुवातीला आपली लढाऊ विमाने पडली, याची कबुली संरक्षणप्रमुख अनिल चौहान यांनी दिली ती ३१ मे रोजी, सिंगापूरमध्ये, परदेशी माध्यमांना. देशाच्या संसदेने ती आधी ऐकायला हवी होती.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये, असे वाहिन्यांना बजावले होते. खऱ्या हालचाली दाखवण्यावर बंदी असेल, तर न झालेल्या विजयांच्या बातम्यांना मोकळीक कशी? ज्या वाहिनीने कराची पाडली, तिने त्याच वेळेला, तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि त्याच निवेदकाच्या तोंडून खुलासा द्यावा, ही सक्ती नियमातच हवी. वाहिन्यांची स्वनियमन संस्था ते करणार नसेल, तर संसदेने करावे.