जर्नलमधला मायक्रॉन

मेट्रॉलॉजीचं जर्नल मीसुद्धा सीनियरचं बघूनच उतरवलं होतं, हे आधी कबूल करतो. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच फाईल हॉस्टेलभर फिरली आणि सकाळी सगळ्या बॅचची सायन बारची रीडिंग्ज मायक्रॉनपर्यंत सारखी! सरांनी सह्या केल्या. (सरही कधीकाळी हॉस्टेललाच होते म्हणा.) असो.

सुट्टीत पुण्याजवळच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथे डिफरन्शियलची क्राउन व्हील आणि पिनियन कापतात. कटर हेड म्हणजे जाड चकती, तिच्या खाचांत कार्बाइडची कांडीसारखी ब्लेडं उभी आवळलेली. बाहेरची ब्लेडं दाताची अंतर्वक्र बाजू कापतात, आतली बहिर्वक्र. ग्राइंडिंगमध्ये ब्लेडच्या कडेचा कोन फक्त १ मिनिटाने चुकला, तर १० मिलिमीटर उंचीवर जवळजवळ ३ मायक्रॉनचा फरक पडतो. आणि त्या हेडवर रनआउटची मर्यादाच होती ३ मायक्रॉन. एखादं ब्लेड पुढे राहिलं की ते एकटंच जास्त माल काढतं आणि आधी झिजतं. बाकीची आरामात, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असतात तशी.

मी भरलेल्या हेडवर बाहेरचं एक ब्लेड ८ मायक्रॉन पुढे दिसलं. मी लगेच हुशारी केली. कडेचा कोन २० अंश, म्हणजे ब्लेड खाचेत २२ मायक्रॉन मागे सरकवलं की त्रिज्या ८ मायक्रॉनने कमी होणार. टॅन थीटा! स्क्रू सैल करायला गेलो तर शेजारचे ऑपरेटर काका म्हणाले,

"खाच पुसलीस का रे?"

"पुसली की, काका."

"परत पूस."

ब्लेड काढलं. डोळ्यांना काहीच दिसेना. त्यांनी खाचेच्या तळावरून बोट फिरवलं, स्वच्छ कापडाने पुसलं, तेच ब्लेड बसवून पान्याने ठरलेल्या टॉर्कला आवळलं. रनआउट २ मायक्रॉन. माझ्या हिशोबाने डायल खूश झाला असता, पण ब्लेडचं टोक २२ मायक्रॉन खाली गेलं असतं आणि कचरा तसाच खाली राहिला असता. कापताना तो दबला की ब्लेड ढिलं.

मला तेव्हा आमची फाईल आठवली. आपण लॅबमध्ये हेच करतो, उत्तर आधी ठरवून रीडिंग मागे सरकवतो. स्लिप गेज हातात धरून गप्पा मारतो. स्टीलचा १०० मिलिमीटरचा तुकडा ५ अंशांनी तापला तर साडेपाच मायक्रॉन वाढतो, आणि मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं, हे ओरलला मात्र धडाधड सांगतो.

स्टाफला एक विनंती. चुकीच्या रीडिंगला रिपीट देणं बंद करा. रिपीटच्या धाकानेच फाईल फिरते. प्रत्येक बॅचला वेगळा जॉब द्या, एखादा मुद्दाम कचरा लावून. रीडिंग का हललं हे ज्याला शोधता येईल त्याला मार्क द्या. वेळ जास्त लागेल, दोन प्रॅक्टिकल्स कमी होतील. होऊ देत.

आणि ज्युनियर्सनो, माझी फाईल मागायला येऊ नका. ती अजून कपाटात आहे, पण तिच्यातलं सायन बारचं रीडिंग मुळात कोणी घेतलं होतं, ते मलाच माहीत नाही.