कोळगावच्या कुरणाचा हिशेब

पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आज जिल्हाधिकारी कार्यालय आहे. दाखला असो, सुनावणी असो, आम्ही सातपाटीकर तिथेच जातो. त्या इमारतींखालची जमीन दुग्धविकास खात्याची होती. तिच्याबद्दल माझे हे मुद्दे.

१. ती पडीक नव्हती. लहानपणी आईबरोबर बोईसरच्या बाजाराला जाताना एसटीच्या खिडकीतून तो पट्टा दिसायचा. दिवाळी सरली की कमरेएवढं गवत पिवळं पडायचं आणि विळे चालायचे. बाया गवतालाच पीळ देऊन त्याचा बंद करायच्या, भाऱ्यावर गुडघा रोवून गाठ आवळायच्या. डोक्यावर चुंबळ त्यांच्याही होती, आईच्याही. त्यांच्या चुंबळीवर भारा, आईच्या चुंबळीवर मासळीची पाटी.

२. आपल्या भागातल्या गवतावर मुंबईचे तबेले चालले. शहरातल्या म्हशी बाहेर काढायला १९४९ साली आरे वसाहत झाली, पुढे आपल्याकडे दापचरीचा दूध प्रकल्प आला. दापचरीसाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. प्रकल्प मोडकळीला आला, जमीन मात्र सरकारकडेच राहिली. दुधासाठी राखलेल्या जमिनीचं पुढे काय करायचं, हा विषय ग्रामसभेत यायलाच हवा.

३. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला. मुख्यालय हवंच होतं. एका सहीसाठी ठाण्याला दिवस घालवलेला कुणीही हेच सांगेल. पण दुग्धविकास खात्याच्या इथल्या सुमारे ४४० हेक्टरपैकी मुख्यालयाला लागले सुमारे १०३. उरलेले सुमारे ३३७ सिडकोकडे गेले, नवनगर वसवून त्यातून मुख्यालयाच्या बांधकामाचा खर्च काढण्यासाठी. म्हणजे कचेऱ्यांना एक हेक्टर, तर नवनगराला तीन. हे प्रमाण मला पटत नाही.

४. २०२३ मध्ये आमच्या पापलेटला राज्यमासा ठरवलं. मासळी घटत चालल्यावर का होईना, नाव नोंदलं गेलं. कुरण मात्र शेजारच्या मोरेकुरणच्या नावातच उरलंय.

५. जिथे प्लॉट पडलेले नाहीत, तिथला एक सलग तुकडा गवतासाठी राखा आणि गुरं पाळणाऱ्या पाड्यांना कापणीचा हक्क द्या. जुने सातबारे, फेरफार आणि मोजणीचे नकाशे मुख्यालयाच्या दर्शनी भागात लावा: जमीन मुळात कुणाची होती, खात्याकडे कधी आली, सिडकोकडे कशी गेली. भारे वाहिलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्यात. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्या, आणि ते काम येत्या पावसाळ्याआधी सुरू करा.