विंचू, रूपक आणि हिशेब

एकनाथांचे विंचवावरचे भारूड आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. विंचू म्हणजे काम-क्रोध, त्याचा दाह म्हणजे विषयवासनेचा ताप आणि त्यावरचा उताराही आध्यात्मिकच, ही उकल आता आम्हांला फळ्याकडे न पाहता सांगता येते. विद्यार्थी ती उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. काही वर्षांपूर्वी याच तासाला पोफळीकडून येणारी एक विद्यार्थिनी मध्येच म्हणाली, "मॅडम, विंचू चावल्यावर नुसता ठणका लागला तर घाबरायचं नसतं. घाम फुटला आणि हातपाय गार पडले, तर माणूस राहत नाही. आजी सांगते." वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या कडव्याकडे वळलो.

ज्यांना पोफळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी हे गाव लागते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे उतरते आणि इथल्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते. वीज इथून साऱ्या महाराष्ट्रात गेली, पाणी वाशिष्ठीत गेले. वाड्यावस्त्यांवर मात्र जांभ्याचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, पावसाळ्यासाठी रचलेली लाकडे आणि त्या सगळ्यांत वस्तीला असलेला तांबडा विंचू हे सारे होते तसेच राहिले. कोकणात विंचू हे काही रूपक नव्हे. लाकूड उचलताना, गडग्याचा दगड सरकवताना, अंधारात चप्पल पायात घालताना तो प्रत्यक्ष भेटतो.

त्या मुलीच्या आजीचे म्हणणे कितपत खरे, हे आम्हांला कळले ते बऱ्याच उशिराने आणि तेही वाङ्मयाच्याच वाटेने. डॉ. हिम्मतराव बावस्करांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र आम्ही पूरक वाचनासाठी सुचवत होतो. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेला, दारिद्र्याशी झगडत डॉक्टर झालेला एक मुलगा सत्तरच्या दशकात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. महाड आमच्यापासून फार दूर नाही. याच महामार्गावर उत्तरेला आहे. तिथे विंचूदंशाने तरणीताठी माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत जाताना तो पाहतो. पाठ्यपुस्तकात या मृत्यूला नेमके उत्तर नव्हते. तेव्हा हा डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून टिपणे काढू लागला. उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी कशी होती, धाप केव्हा लागली. मुलग्यांत आणि पुरुषांत दिसणारे लिंगताठरतेचे लक्षण घरची माणसे लाजेपोटी सांगत नसत. तेही विचारून नोंदवावे लागले. या पूर्वखुणांवरचा लेख 1982 साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्याला नुसत्या असह्य वेदना आहेत त्याचा जीव सहसा धोक्यात नसतो. वेदना फारशी नाही, पण घामाने निथळतो आहे आणि हातपाय थंड आहेत, त्याच्यावर लक्ष ठेवायला हवे. आमच्या विद्यार्थिनीची आजी वेगळे काय सांगत होती?

यामागचे कारण जीवशास्त्राचे आहे. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवून शरीरातल्याच अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे माणूस एका परीने स्वतःच्याच शरीरात उठलेल्या वादळाने मरतो. (नाथांच्या रूपकाला याहून नेमका शरीरशास्त्रीय आधार कोणी शोधला असता का, असे आम्हांला वाटून गेले. असो.) बावस्करांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरले. ते काही नव्याने शोधलेले नव्हते. रक्तदाबासाठी मिळणारी ती साधी गोळी होती. आवळलेल्या वाहिन्या ती सैल करते. 1986 साली तेही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे 30 टक्के दगावत; हे प्रमाण पुढे एका टक्क्याच्या आसपास आले. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी महाडच्या 70 रुग्णांवरील चाचणी मांडली. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलसही दिलेल्यांपैकी 91.4 टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर हे प्रमाण 22.9 टक्के होते. 2022 साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता आमच्या अभ्यासकवर्गाने या पुस्तकाचे काय केले ते पाहा. आमच्याकडे अशा आत्मचरित्रांसाठी एकच खण आहे आणि त्याच्यावर चिठ्ठी आहे 'संघर्षगाथा'. पुस्तक त्या खणात टाकले की नायकाचे बालपण, गरिबी, जिद्द आणि यश एवढेच उरते. त्याने काय शोधले, कसे शोधले, कोणत्या भाषेत विचारले, यावर आम्ही एकही प्रश्न काढला नाही. वैद्यकीय पाने 'तांत्रिक' म्हणून ओलांडली गेली. खरे पाहता त्या माणसाचा सगळा जीव त्या पानांतच आहे. कवीच्या आत्मचरित्रातून कविता वगळून आम्ही वाचले असते का?

आणि एक पदर आम्हांला त्याहूनही उशिरा दिसला. तो पैशाचा. प्राझोसिनचे मोल केवळ ते गुणकारी होते यात नव्हते. ते स्वस्त होते, तोंडावाटे देता येत होते, आडगावच्या केंद्रातही ठेवता येत होते. औषध किती चांगले, हा प्रश्न वैद्यकाचा. ते वाडीवर पोचेल का आणि परवडेल का, हा अर्थशास्त्राचा. महाडच्या डॉक्टरला हे दोन प्रश्न वेगळे ठेवताच आले नाहीत. 2013 साली एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल 1200 रुपयांचा धनादेश धाडला, तेव्हा त्यांनी तो परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. तेही आम्ही त्याच संशोधनाचे पुढचे पान मानतो. कारण तो 1200 रुपयांचा आकडा अखेर रुग्णाच्याच बिलातून निघालेला असतो.

वित्त, सार्वजनिक आरोग्य आणि जीवशास्त्र यांना विद्यापीठात तीन इमारती असतात आणि मराठी विभाग बहुधा चौथ्या इमारतीच्या तळमजल्यावर. या इमारतींना जोडणारे संशोधन आपल्याकडे झाले ते बहुतेक आवाराबाहेर. कोकणातून थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला गेलो तरी तेच दिसते. तिथे जाण्याआधीच डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीवरच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला होता. दिवसाला चार रुपये ही किमान मजुरी ज्या हिशेबावर उभी होती तो त्यांनी उलगडला: मजुराच्या शरीराला किती उष्मांक लागतात, त्यासाठी किती धान्य, त्या धान्याला किती रुपये. हिशेब चुकला होता, असे त्यांनी दाखवून दिले आणि पुढे मजुरी बारा रुपये झाली. हे आहारशास्त्र की अर्थशास्त्र? बेरजेच्या एका ओळीत भाकरी, देह आणि रुपया तिन्ही आहेत.

साहित्याच्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण म्हणजे 'कोवळी पानगळ'. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा हा अहवाल. मुले मरत होती, पण सरकारी नोंदींत ती पुरती मरत नव्हती. गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांनी जन्म आणि मृत्यू मोजले आणि खरा आकडा नोंदींच्या कितीतरी पुढे असल्याचे दाखवले. आकड्यांच्या या पुस्तिकेला कवितासंग्रहाला शोभावे असे नाव आहे. आमचा एक सहकारी म्हणाला, "नाव भावनिक आहे." आम्हांला तसे वाटत नाही. रूपकामागे मोजणी असली की रूपक भावनिक राहत नाही, ते साक्षीदार होते. आमच्या वर्गात आम्ही नेमके उलटे करत होतो. विंचू रूपक होता आणि मोजणी नव्हतीच.

डॉ. राणी बंगांचे 'गोईण' किंवा 'कानोसा' वाचतानाही हेच जाणवते. गडचिरोलीतल्या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यांच्या शोधनिबंधाने 1989 साली जगाला सांगितले. पण त्या स्त्रिया बोलल्या त्या आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत. ते शब्द ऐकून घेणे हे आधीचे संशोधन होते आणि ते आमच्या विषयाचे काम होते. आम्ही त्या वेळी बोलीच्या अभ्यासात ध्वनिपरिवर्तनाचे नियम घोकून घेत होतो.

याचा अर्थ मराठीच्या प्राध्यापकांनी उद्यापासून रक्तदाब मोजावा असा नाही. परिभाषा कोशात आणखी चारशे शब्द घालावेत असेही आम्ही म्हणत नाही. 'फुप्फुसात पाणी भरले' हे वाडीवरच्या माणसाला कळते आणि डॉक्टरलाही. आमचे म्हणणे साधे आहे. असे अहवाल, अशी आत्मचरित्रे हे मराठी गद्य आहे आणि ते त्यातल्या ज्ञानासह वाचले गेले पाहिजे. हे काम आमचे नसेल तर कोणाचे, ते आम्हांला कोणी सांगावे. वैद्यकाचे लोक मूळ इंग्रजी निबंध वाचतील, अर्थशास्त्राचे लोक तक्ता वाचतील. आजीने 'ठणका' आणि 'गार' हे दोन शब्द कुठे वेगळे केले, ते कोण वाचणार?

इथे आम्हांला एक कबुली द्यावयास हवी. त्याच विद्यार्थिनीने पुढे पदव्युत्तर वर्गात 'विंचवाविषयीचे लोकसमज' या विषयावर प्रकल्प लिहिला. म्हणी, मंत्र, उतारे, सगळे नीट जमवले होते. शेवटी एक पान निराळे होते. धाकट्या भावाला विंचू चावला त्या एका रात्रीचा तो हिशेब होता: मांत्रिकाला दिलेले, जीपचे भाडे, औषधे, वडिलांची बुडलेली मजुरी, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटायला लागलेले महिने. प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या वेळी द्यावी लागली तेही होते, त्यामुळे भाऊ गार पडत गेला ते तास आणि पैसे एकाच स्तंभात उतरले होते. आम्ही ते पान तिला काढायला लावले. विषयाशी संबंध नाही, असा शेरा आमच्याच हस्ताक्षरात होता. बाहेरून येणारे परीक्षक काय म्हणतील याची धास्ती होती, हे खरे; पण त्याहून खरे हे की आम्हांला ते पान वाचताच आले नव्हते.

नव्या धोरणाने आता क्षेत्रप्रकल्प सक्तीचा केला आहे आणि यंदा विषय सुचवण्याची जबाबदारी आमच्याकडे आली. तेव्हा आम्ही तिला फोन केला. ती आता घाटावर एका शाळेत शिकवते. ते पान आहे का, असे विचारले. पान नाही, म्हणाली. पण हिशेब पाठ आहे, लिहून घेता का?

आम्ही कागद घेऊन बसलो.