डोळ्यांसमोर ४के, मानेवर धोंडा

व्हीआर हेडसेट घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाकडे एक एक्सेल शीट असतं. रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, फील्ड ऑफ व्ह्यू, किंमत. आणि सगळ्यात शेवटी, उपकार केल्यासारखा, 'कम्फर्ट' नावाचा कॉलम. त्यात काय? तर वजन, ग्रॅममध्ये. आमच्या जमातीला असलं शीट दिसलं की गहिवरून येतं. पण माझं स्पष्ट मत आहे की हे शीट सरळ डिलीट करावं. चित्राचा दर्जा आणि आराम हे दोन कॉलम नाहीतच मुळी. तो एकच कॉलम आहे.

आधी रिझोल्यूशनचा फुगा फोडू. क्वेस्ट ३ (२०२३) एका डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल देतो. ऐकायला झकास! पण ते पिक्सेल शंभरेक अंशांवर ताणलेले असतात, त्यामुळे खरा आकडा म्हणजे दर अंशाला किती पिक्सेल. मेटा स्वतः क्वेस्ट ३ साठी २५ सांगते. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोसाठी (२०२४, किंमत ३,४९९ डॉलर!) आयफिक्सिटने काढलेला अंदाज होता ३४. चांगल्या नजरेला साधारण ६० लागतात. आता तुमच्या ऑफिसातला २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या. दोन फुटांवरून बघितला तर गणित येतं ३८ च्या आसपास. म्हणजे 'हेडसेटमध्ये पाच मॉनिटर लावून कोडिंग करीन' म्हणणाऱ्यांनी आधी टेबलावरच्या मॉनिटरची माफी मागावी.

बरं, हे २५ किंवा ३४ तरी तुम्हाला मिळतात का? ते मिळतात भिंगाच्या मधोमध. क्वेस्ट २, क्वेस्ट ३एस आणि पीएसव्हीआर २ मध्ये फ्रेनेल भिंगं आहेत. त्यांचा स्पष्ट दिसणारा भाग लहान. खोकं नाकावरून चार मिलिमीटर घसरलं की अक्षरं पुसट. आणि मे महिन्यात, पंख्याखाली बसून, घामाघूम कपाळावर ते घसरणार नाही तर काय करणार? पीएसव्हीआर २ चा ओलेड पडदा कितीही देखणा असू दे, डोळा जागेवर नसेल तर सगळं पाण्यात. आता सांगा, हा प्रश्न चित्राचा की पट्ट्याचा?

क्वेस्ट ३ मधल्या पॅनकेक भिंगांनी (धिरडं म्हणा हवं तर) हा त्रास बराच कमी केला. पण फुकट नाही. त्यात प्रकाश अर्धपारदर्शक आरशाशी दोनदा गाठ घेतो आणि दर वेळी निम्मा गळतो. म्हणजे कागदोपत्रीसुद्धा जास्तीत जास्त पाव हिस्सा डोळ्यापर्यंत. मग पडदा जास्त पेटवा, म्हणजे उष्णता वाढवा, म्हणजे बॅटरी मोठी करा, म्हणजे वजन... पोचलो की नाही पुन्हा मानेपाशी!

वजनाचंही तेच. वाल्व्ह इंडेक्स (२०१९) ८०९ ग्रॅमचा होता, तरी लोक तो तासन् तास घालायचे, कारण भार डोक्याच्या मागे वाटला होता. क्वेस्ट ३ फक्त ५१५ ग्रॅम, पण बहुतेक सगळा नाकासमोर, आणि सोबत येणारा पट्टा म्हणजे पायजम्याची नाडी. अ‍ॅपलने २०२५ च्या व्हिजन प्रोत तर कमालच केली. नव्या पट्ट्याच्या मागच्या भागात टंगस्टन भरलं! आरामासाठी वजन वाढवलं, आणि ते बरोबरच होतं. एक्सेल शीट मात्र म्हणणार: ७५० ते ८०० ग्रॅम, नापास. उलट टोकाला बिगस्क्रीन बियाँड (२०२३): १२७ ग्रॅम, गादी तुमच्या चेहऱ्याच्या मापाची. पण ते चालवायला तगडा पीसी हवा, आणि आत चष्मा मावत नाही, नंबरची भिंगं वेगळी करून घ्यावी लागतात.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं दळण घातलं.

दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर असतं. बायकांचं सरासरी दोनेक मिलिमीटरनं कमी. पंचावन्न-छप्पनवालेही भरपूर. क्वेस्ट ३ मध्ये यासाठी चाक आहे, व्हिजन प्रो मोटरने स्वतःच जुळवून घेतो. आणि २९९ डॉलरला बाजारात आलेल्या स्वस्त क्वेस्ट ३एस मध्ये? तीन खाचा: ५८, ६३, ६८. पाय बसत नसेल तर तुमच्या पायाचा दोष. म्हणजे ज्यांचे डोळे 'सरासरी' नाहीत त्यांनी एकतर जास्त पैसे मोजावेत किंवा डोकेदुखी.

माझ्या एका प्रोजेक्टवर ट्रेनिंगसाठी हेडसेट आणले होते. टीममधली एक टेस्टर दहा मिनिटांत डोकं धरून बसायची. वरिष्ठांचं निदान ठरलेलं: "सवय होईल गं." तिच्या बुबुळांमधलं अंतर कुणी मोजलं नाही. मोजायला लागतं काय? एक आरसा आणि शाळेतली पट्टी.

सवयीनं काही जणांची मळमळ कमी होते, मान्य. पण चुकीच्या जागी असलेल्या भिंगाची सवय होत नाही, नुसती सहन करायची सवय होते. शिवाय या सगळ्या हेडसेटमध्ये, अगदी साडेतीन हजार डॉलरच्यासुद्धा, एक गोची आहेच. जवळची वस्तू बघताना डोळे आत वळतात, पण फोकस भिंगानं ठरवलेल्या एकाच अंतरावर अडकलेला. रिझोल्यूशन दुप्पट केलं तरी हा तिढा सुटत नाही. मग त्रास होणाऱ्याला नाजूक ठरवायचा हक्क कुणी दिला?

तेव्हा पंधरा मिनिटांचे डेमो आणि 'वॉव' म्हणणारे व्हिडिओ सोडा. मित्राचा हेडसेट मागा, आपला चष्मा लावून घाला, किमान तासभर बसा. आणि शेवटच्या दहा मिनिटांत बारीक अक्षरं वाचून बघा. वाचता आली तर चित्र चांगलं. नाही आली, तर बॉक्सवर काय छापलंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

आणि ऑफिसात कुणी "मला त्रास होतोय" म्हणालं, तर आधी पट्टी आणा. उपदेश नंतर.